रोजच्या दिवसातले हसू : कोल्हापूरकरांनी आपापली नोंद लिहावी

रंकाळाफेरी

सर्वांना नमस्कार.

माझे यजमान रोज संध्याकाळी रंकाळा तलावावर फेरी मारायला जात आणि रात्री ताटावर बसले की त्या दिवशी पाहिलेली किंवा ऐकलेली एक गंमत सांगत. पदपथावर कोण कोणाला काय म्हणाले, कणसे भाजणाऱ्या बाईंनी घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला कसे उत्तर दिले, संध्यामठाकडे तोंड करून बसलेल्या दोन वृद्धांचे कशावरून बिनसले आणि पाचच मिनिटांत कसे जुळले, असे काहीतरी अगदी किरकोळ असे. पण 36 वर्षांच्या संसारात हा नेम फार क्वचित चुकला असेल. ते गेल्यावर जेवणाच्या वेळी घर फार शांत झाले. काही महिन्यांनी माझ्या ध्यानात आले की माझ्या वाट्याचे हसूसुद्धा तेच बाहेरून आणत होते आणि मला ते घरबसल्या मिळत होते.

मग मी स्वतः फेरीला जाऊ लागले आणि एक 100 पानी वही घेतली. तारीख घालायची आणि तिच्यापुढे त्या दिवशी ज्याने हसू आले ती एकच गोष्ट लिहायची, असे ठरवले. आता तिसरी वही चालू आहे. त्यातली एक नोंद येथे देते. कपिलतीर्थ मार्केटात मी एका भाजीवाल्या मावशींना विचारले, “मावशी, मेथी ताजी आहे ना?” त्यांनी जुडी उचलून माझ्या हातात दिली आणि अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “सकाळी रानात हुती. आपण बाजारात आलोय ह्ये तिला अजून कळल्यालं न्हाई.” मी ती मेथी घेऊन घरी येईपर्यंत हसत होते, आणि निवडताना तिला काही कळू नये म्हणून जपून निवडली, असे लिहिले तर कोणाला खोटे वाटेल, पण तसेच झाले.

आपल्यापैकी प्रत्येकाने अशी एक नोंद येथे लिहावी, अशी विनंती आहे. ती स्वतः पाहिलेली किंवा ऐकलेली असावी. फोनवर फिरत आलेला विनोद नको. आणि त्यात कोणाची टर उडवलेली नसावी. या दुसऱ्या अटीविषयी मी आग्रही आहे.

सातवी गल्ली

ताई, मेथीची नोंद वाचून आमच्या घरात तीन पिढ्या हसल्या. माझी नोंद पत्त्यांविषयी आहे.

कोल्हापुरात पत्ता सांगणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, कारण आपल्याकडच्या खुणा एकतर देवाच्या आहेत, किंवा त्या जागी एके काळी असलेल्या वस्तूच्या. हमरस्त्यावरून शहरात वळायचे ते तावडे हॉटेलपाशी, तिथून यायचे कावळा नाक्यावर, पुढे व्हीनस कॉर्नर. आणि गावात शिरल्यावर बिनखांबी गणेश मंदिर, खरी कॉर्नर, पाण्याचा खजिना, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. तीन रस्ते मिळतात त्या जागेला तिकटी म्हणतात, हे बाहेरच्या माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही; कावळा नाक्याला पाटीवर ताराराणी चौक म्हणतात, हे मात्र कोल्हापूरच्या माणसालाही कधी कधी आठवण करून द्यावे लागते. राजारामपुरीत आम्ही गल्ल्यांना आकडे देऊन सगळे सोपे केले आहे, असे आम्हांला वाटते.

गेल्या महिन्यात माझी सहा वर्षांची भाची नागपूरहून आली होती. तिला घेऊन आम्ही शिवाजी पेठेत आत्याकडे निघालो होतो. वाटेत मी रिक्षावाल्या मामांना “उभा मारुती चौकात घ्या” असे सांगितले. भाचीने लगेच विचारले, “मारुती सारखा उभाच असतो का?” मी हो म्हटले. ती थोडा वेळ विचारात पडली आणि काळजीने म्हणाली, “मग त्याचे पाय दुखत असतील.” रिक्षावाल्या मामांनी मागे न पाहता उत्तर दिले, “दुखत्यात की बाळ. म्हणून तर शनिवारी त्याला तेल लावत्यात.” भाचीचे समाधान झाले. माझे वय 41 आहे, मी लहानपणापासून शनिवारी मारुतीला तेल वाहत आलो आहे, आणि त्यामागचे इतके मायेचे कारण मला त्या दिवसापर्यंत कोणी सांगितले नव्हते.

मुक्काम पुणे

मी नोकरीनिमित्त 14 वर्षे पुण्यात आहे. रंकाळाफेरीताईंनी टर न उडवण्याची अट घातली, तिच्यामुळेच मला लिहावेसे वाटले.

आपल्याकडे स्त्रिया स्वतःविषयी बोलताना “मी आलो”, “मी जातो”, “मी जेवलो” असे सहज म्हणतात. माझी आई, आजी, मावशा सगळ्या असेच बोलतात आणि मीही तसेच बोलत होते. पुण्यात वसतिगृहात राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या “मी आलो”वर एवढे हसू झाले की मी दोन महिन्यांत बोलणे बदलून टाकले. त्या मुली वाईट नव्हत्या, आज त्यांतल्या दोघी माझ्या जिवलग आहेत. तरीही बोलण्यापूर्वी मनातल्या मनात क्रियापद तपासून घेण्याची सवय लागली ती पुष्कळ वर्षे गेली नाही. घरी फोन लावला की मात्र दुसऱ्या वाक्याला जुने क्रियापद परत येई आणि खोलीतल्या मुलींना कळे की फोन कोल्हापूरचा आहे.

माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि पुण्यातच वाढते आहे. मागच्या दिवाळीत तिने माझ्या आईचे बोलणे दोन दिवस नीट ऐकले आणि तिसऱ्या दिवशी तिला समोर बसवून विचारले, “आजी, तू मुलगा आहेस का?” मला एकदम वसतिगृहातले दिवस आठवले आणि पोटात कसेतरी झाले. आई चकलीचा सोऱ्या फिरवत होती. ती न थांबता म्हणाली, “न्हाई गं बाय. मी कोल्हापुरात जन्माला आलो, म्हणून असं बोलतो.” त्या वाक्यात सगळे उत्तर होते आणि ते देतानाही तिचे क्रियापद हलले नव्हते. आम्ही तिघी इतक्या हसलो की चकलीचा एक वेढा जास्त झाला. परत पुण्याला आल्यावर मुलीने दारातून आत येताना बाबांना मोठ्याने सांगितले, “बाबा, मी आलो!” मी तिला दुरुस्त केले नाही.

शिवाजी पेठ

मुक्काम पुणे, आपला प्रतिसाद फार आवडला. मला रंकाळाफेरीताईंना एक प्रामाणिक प्रश्न विचारायचा आहे. आमच्या तालमीच्या कट्ट्यावर एकमेकांची टर उडवणे हाच रोजचा आनंद आहे. एखाद्याला आठ दिवस कोणी काही बोलले नाही तर तो स्वतः येऊन “माझं काय चुकलं काय भावांनो?” असे विचारतो. मग ती नोंद या धाग्यात बसणार नाही का?

रंकाळाफेरी

शिवाजी पेठ, बसेल की. कट्ट्यावर ज्याची टर उडते तो तिथेच बसलेला असतो, उत्तर देऊ शकतो, आणि उद्या तोच ती गोष्ट मीठमसाला लावून सांगतो. जो तिथे नाही, ज्याला उत्तर देता येत नाही, किंवा ज्याच्याकडे पाहून हसणे सोपे आहे म्हणूनच आपण हसतो, त्याच्याविषयी मी म्हणत होते. मुक्काम पुणे यांनी लिहिले आहे त्यात हा फरक स्वच्छ दिसतो. वसतिगृहातले हसू आणि चकलीजवळचे हसू एकाच क्रियापदाचे होते.

उसाचा फड

आमचे गाव भोगावतीच्या काठावर आहे. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी कोणी कोणाची खुशाली विचारत नाही. “किती दारं उघडली?” असे विचारतात. राजर्षी शाहू महाराजांनी ज्या राधानगरी धरणाचे स्वप्न पाहिले आणि काम सुरू केले, त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरून पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते कोणी बटण न दाबता आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. जुलै उजाडला की तिसरे दार उघडले, पाचवे उघडले, दोन मिटली, अशा बातम्या पारावर, दूध संकलन केंद्रावर, केस कापायच्या दुकानात चालू असतात आणि त्यांत प्रत्येकाचे स्वतःचे एक अनुमान असते.

माझ्या आजीने हेच घरात आणले. तिचा राग फार प्रसिद्ध होता, पण तो कोठवर आला आहे हे तीच आधी सांगे. सून दुधाकडे लक्ष न देता उभी राहिली की आजी म्हणे, “एक दार उघडलंय हं.” आम्ही मुले चिखलाच्या पायांनी सोप्यात आलो की, “तिसरं उघडलं.” आजोबा बाजारातून सांगितलेली वस्तू सोडून दुसरेच काही घेऊन आले की ती नुसती सात बोटे दाखवी आणि आजोबा पिशवी खाली ठेवून गोठ्याकडे निघून जात. आजी जाऊन नऊ वर्षे झाली. आजही आमच्या घरात भांडण वाढू लागले की कोणीतरी दारांचा आकडा विचारते आणि निम्म्या वेळा भांडण तिथेच थांबते.

पाण्याविषयी हसताना आम्हांला भीती नसते असे मात्र कोणी समजू नये. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे आमच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी घरात शिरले तेव्हा आम्ही सगळे एका शाळेत जाऊन राहिलो होतो. जनावरे शाळेच्या मैदानावर बांधली होती, दोन दिवस कोणाला नीट झोप नव्हती, बायका भिंतीला टेकून गप्प बसल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या एका आजींना चौथीच्या वर्गात जागा मिळाली होती. त्यांनी फळ्याकडे पाहिले, बाकावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “तिसरीतनं माझी शाळा सुटली हुती. पुरानं चौथीत आणून बसवलं बघा.” पहिल्यांदा कोणाला हसावे की नाही हे कळेना. मग त्या स्वतःच हसू लागल्या, आणि त्या वर्गात दोन दिवसांनी माणसांचा आवाज आला. पुढचे चार दिवस आम्ही सर्वांनी त्या वर्गात येताना दारातून “आत येऊ का बाई?” असे विचारूनच पाऊल टाकले.

बारा वाजून गेले

रात्रपाळीला आहे, सगळे वाचून काढले. “आत येऊ का बाई” येथे थांबून डोळे पुसले. माझी नोंद उद्या लिहितो.

दसरा चौक

मी या धाग्यावर जरा वेगळे लिहिणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

माझे वडील दीड वर्षापासून अंथरुणावर आहेत. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. सकाळी त्यांचे सर्व आवरून मी कामावर जातो, दुपारी पत्नी पाहते, रात्री पुन्हा मी. आपल्या सर्वांच्या नोंदी वाचताना मला आनंद झाला नाही, राग आला. दिवसातून एक हसू शोधून लिहायचे, तर त्यासाठी दिवसात कोठेतरी मोकळी जागा लागते आणि मन रिकामे लागते. ज्याच्याकडे ते नाही त्याला अशा नोंदी वाचून आपण आणखी एका गोष्टीत कमी पडलो, असेच वाटते. रंकाळ्यावर जाऊन मला दोन वर्षे होत आली. तो घरापासून चालत वीस मिनिटांवर आहे.

हे कोणाला दुखवण्यासाठी लिहिलेले नाही.

रंकाळाफेरी

दसरा चौक, आपण लिहिलेत हे फार बरे झाले. आपला राग मला समजतो, आणि आपण कशातही कमी पडत नाही आहात.

मी पहिल्या मजकुरात एक गोष्ट सांगितली नाही, ती आता सांगते. माझ्या पहिल्या वहीत 41 पाने अशी आहेत की त्यांच्यावर फक्त तारीख आहे. ती यजमानांच्या शेवटच्या आजारपणातली नाहीत, कारण तेव्हा वहीच नव्हती. ती त्यांच्यानंतरची आहेत, जेव्हा माझ्याकडे वेळ भरपूर होता. मन रिकामे असले की हसू येते, हा माझाही समज तेव्हा खोटा ठरला. त्या पानांवर मी पुढे कधीही काही भरले नाही आणि ती फाडलीही नाहीत. या धाग्यावर नुसती तारीख लिहिण्यासही जागा आहे. आपल्याला केव्हाही लिहावेसे वाटले तर तेवढेच लिहावे.

गंगावेस

दसरा चौक, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. काही मदत लागली तर संकोच न करता कळवावे. आमच्या भागात रात्री उशिरापर्यंत माणसे जागी असतात.

जागी असण्याचे कारण दूध. गंगावेशीत आजही म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि समोर काढलेले धारोष्ण दूध लोक फेसासकट पितात. तालमीतून आलेला पैलवान, दुकान बंद करून निघालेला व्यापारी आणि नातवाला घेऊन आलेले आजोबा तिथे एकाच रांगेत पेला हातात घेऊन उभे असतात, आणि तिघांच्याही ओठांवर पांढऱ्या मिशा आलेल्या असतात. मी लहानपणापासून हे पाहतो आहे, तरी त्या मिशांकडे पाहून हसू यायचे राहत नाही.

माझी खरी नोंद मात्र दिवाळीच्या पाडव्याची आहे. त्या दिवशी आपल्याकडे म्हशींचा थाट असतो. शिंगे रंगवलेली, त्यांना मोरपिसे, गळ्यात कवड्यांच्या माळा, अंग तेलाने चकचकीत. मालक मोटारसायकल घेऊन पुढे निघतो आणि म्हैस त्या गाडीच्या आवाजामागे धावते. दोरी नाही, चाबूक नाही. वर्षभर त्याच गाडीवरून वैरण येते, त्यामुळे तो आवाज तिला चांगला ओळखीचा झालेला असतो. तीन वर्षांपूर्वी बाहेरगावचे एक पाहुणे आपल्या गाडीवरून तिथून चालले होते आणि त्यांच्या गाडीचा आवाज नेमका आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीसारखा निघाला. म्हैस त्यांच्या मागे लागली. त्यांनी वेग वाढवला, तिनेही वाढवला. ते घाबरून थांबले, तर तीही शेजारी येऊन शांतपणे उभी राहिली आणि गाडीच्या मागच्या बाजूला वैरण शोधू लागली. शेजारी धापा टाकत पोहोचले, तेव्हा पाहुण्यांनी विचारले, “आता मी काय करू हो?” शेजारी म्हणाले, “काय न्हाई पावणं. सणाचं आलासा, ती तुमास्नी येशीपतोर सोडाय आलीया.” पाहुणे त्या दिवशी शेजाऱ्यांकडे जेवूनच गेले आणि आता दर पाडव्याला येतात. म्हशीसाठी गूळ आणतात.

पुढची बाई

माझी नोंद लहान आहे. आषाढात नदीला नवे पाणी आले की ते वाजतगाजत टेंबलाई देवीला नेतात आणि पुढे पी-ढबाक वाजत असते. ज्यांनी ते ऐकले नाही त्यांच्यासाठी सांगते की नाव म्हणजेच आवाज आहे. माझ्या दिराच्या मुलाला 14 महिने झाले तरी तो बोलत नव्हता. पहिला शब्द “आई” येणार की “बाबा”, यावरून दीर आणि जाऊबाई यांच्यात गोड चढाओढ होती. आषाढातल्या मंगळवारी गल्लीतून मिरवणूक गेली, बाळाने खिडकीचे गज धरून ती शेवटपर्यंत पाहिली, मग आईकडे वळले आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, “ढबाक.” आठवडाभर त्याला आई, बाबा, भूक, पाणी, सर्व काही ढबाकच होते. आमच्या सासूबाईंनी निकाल दिला की पहिला मान देवीचा, म्हणून दोघांनीही वाईट वाटून घेऊ नये.

बारा वाजून गेले

कबूल केल्याप्रमाणे माझी नोंद. मी भौतिकशास्त्राचा विद्यार्थी होतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहीन.

अंबाबाईचे देऊळ पश्चिमाभिमुख आहे. वर्षातून दोनदा मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात मूर्तीपर्यंत पोहोचतात. परंपरेने हे दिवस 9, 10 आणि 11 नोव्हेंबर, तसेच 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारी असे आहेत. पहिल्या दिवशी चरण, मग छाती आणि अखेरीस मुख उजळते. नोव्हेंबर आणि जानेवारी हे महिने एकमेकांपासून लांब असूनही किरण त्याच वाटेने कसे येतात, असे मला शाळेत असताना वाटे. डिसेंबरच्या 21-22 तारखेला सूर्य दक्षिणेकडचे आपले टोक गाठून परत फिरतो. त्या दिवसापासून मागे साधारण सहा आठवडे मोजले की नोव्हेंबरचे ते दिवस येतात आणि पुढे तेवढेच मोजले की जानेवारी-फेब्रुवारीचे येतात. जाताना आणि येताना सूर्य क्षितिजावर त्याच जागी मावळतो. ज्यांनी हे देऊळ रचले त्यांनी ती जागा धरून ठेवली, याचे मला प्रत्येक वर्षी नव्याने नवल वाटते.

पण किरण पोहोचतीलच असे नसते. वाटेतल्या इमारती, हवेतली धूळ आणि मुख्य म्हणजे ढग. काही वर्षांपूर्वी मी नोव्हेंबरात देवळात उभा होतो. किरण गरुड मंडपापर्यंत आले आणि पश्चिमेला एक ढग आडवा आला. शेकडो माणसे श्वास रोखून उभी होती. माझ्या शेजारी इरकली लुगड्यातल्या एक आजी होत्या. दिवसभर दर्शनाच्या रांगेत त्यांनी जे ऐकले असेल, तेच त्यांनी त्या शांततेत महाद्वाराकडे पाहत, हात हलवून, ढगाला ऐकवले, “थांबू नका, थांबू नका, फुडं सरका!” आजूबाजूचे वीस-पंचवीस लोक एकदम हसले, बंदोबस्ताच्या पोलीसताईसुद्धा हसल्या. आणि ढग सरकला. मला वाऱ्याची दिशा माहीत होती, तो सरकणारच होता. तरी किरण उंबऱ्याच्या आत गेले तेव्हा मी आजींकडेच पाहत होतो, आणि आजी आपले काम झाल्यासारख्या पदर सावरून हात जोडत होत्या.

सातवी गल्ली

ही नोंद मी घरात मोठ्याने वाचून दाखवली. आता आमच्याकडे गॅसवर दूध उतू जाऊ लागले की “थांबा, थांबा” आणि कुकरची शिटी होत नसली की “फुडं सरका” असे चालू झाले आहे.

दसरा चौक

मी परत आलो आहे.

काल शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सामना होता. वडील पूर्वी एकही सामना चुकवत नसत. आमचे घर मंगळवार पेठेतले, त्यामुळे संघ कोणता हे सांगायला नको. मी त्यांना भरवत होतो. निकाल काय लागला ते मला माहीत नव्हते आणि खरे सांगायचे तर माझे लक्षही नव्हते. इतक्यात फटाक्यांचा आवाज सुरू झाला. वडिलांनी घास तोंडात तसाच ठेवून कान दिला. आवाज आमच्या पेठेतून येत नव्हता, तो शिवाजी पेठेच्या बाजूने येत होता. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, डाव्या हाताने वाटी बाजूला सारली आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

दहा वर्षांपूर्वी संघ हरला की ते अगदी असेच करीत. आई जेवायला हाका मारीत राही आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. दीड वर्षात मी त्यांना औषध दिले, आंघोळ घातली, कूस बदलली, पण हा रुसणारा माणूस मला दिसलाच नव्हता. मला हसू आवरेना. मी म्हणालो, “आबा, पुढच्या वेळी बघू की.” त्यांचा खांदा हलू लागला. मी घाबरून पुढे वाकून पाहिले, तर ते हसत होते. आवाज नव्हता, अर्धाच चेहरा हसत होता, पण हसत होते.

नंतर त्यांनी भात संपवला. मी बाहेर सोप्यात येऊन बराच वेळ बसलो.

शिवाजी पेठ, आपल्या संघाचे अभिनंदन.

शिवाजी पेठ

दादा, अभिनंदन स्वीकारतो. काल ते फटाके लावणाऱ्यांत मीही होतो. पुढचा सामना केव्हा आहे ते कळवतो. आपल्या पेठेने जिंकला, तर आम्ही चौघे येऊन आपल्या दारात फटाके लावू, म्हणजे आबांना दिशा ओळखायला त्रास होणार नाही. आणि त्या वेळी आमच्याकडे पाहून त्यांनी जे काही हातवारे करायचे ते करावेत, आम्ही समोर उभे राहून घेऊ.

मुक्काम पुणे

मी आता काही लिहीत नाही. मी फक्त वाचत बसलो.

रंकाळाफेरी

दसरा चौक, आबांना माझा नमस्कार. आपली नोंद मी माझ्या वहीत उतरवून घेतली आहे. दुसऱ्याची नोंद माझ्या वहीत जाण्याची ही पहिली वेळ.

आज सकाळी मी पुन्हा कपिलतीर्थ मार्केटात गेले होते. मेथीवाल्या मावशी जागेवर होत्या. मी त्यांना सांगितले की तुमचे मेथीचे बोलणे मी लिहिले आणि ते पुष्कळ लोकांनी वाचले, पुण्यापर्यंत लोक हसले. त्यांनी पाण्याचा हात जुड्यांवर फिरवत सगळे नीट ऐकून घेतले. मला वाटले आता त्या काहीतरी म्हणतील, म्हणून मी थांबले. त्या म्हणाल्या, “मग त्यास्नी सांगा, मेथी संपली. उद्याच्याला शेपू हाय.”

हा निरोप मी येथे पोहोचवते आहे. आजच्या तारखेपुढे मी वहीत फक्त “शेपू” असे लिहिले आहे.